काठावरचे एकवीस मोदक

एका मुलीने माझ्यादेखत माझ्या एकेचाळीस ओळींच्या प्रोग्रामच्या सात ओळी केल्या, त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याशी भांडले. भांडण आमटीत मीठ कमी असण्यावरून झालं आणि आमटी मीच केली होती. सत्तावन्न वर्षांच्या बाईने सत्तावीस वर्षांच्या मुलीवर जळावं, आणि तेही मोदकांच्या किमतीवरून, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार? आता मी निवृत्त झाले आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

भांडुपला एका खासगी कॉम्प्युटर क्लासमध्ये मी चोवीस वर्षं शिकवलं. क्लास पहिल्या मजल्यावर, खाली पिठाची गिरणी. आमच्या कीबोर्डांवर कायम पांढरी पूड असायची आणि नवीन विद्यार्थी पहिल्याच दिवशी शिंकायचा. शाळकरी मुलं, नोकरी शोधणारे, नोकरी गेलेले, दुपारच्या बॅचला घरचं आवरून येणाऱ्या बायका, असे सगळे माझ्या हाताखालून गेले. आचरेकर नावाचे एक निवृत्त गृहस्थ मशीनला द्यायच्या प्रत्येक हुकमाच्या आधी ‘कृपया’ लिहायचे. मशीन लाल अक्षरांत चूक दाखवायचं. ते चष्मा पुसून म्हणायचे, “मॅडम, ह्याला वळण नाही.” त्यांना मी तीन महिने शिकवलं, पण त्यांचं ‘कृपया’ काही सुटलं नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राम म्हणजे मशीनसाठी लिहून ठेवलेली कृती. फरक इतकाच की ‘अंदाजाने मीठ घाला’ असं इथे चालत नाही. मशीनला अंदाज नसतो. जे लिहिलं आहे तेच ते करतं, चुकीचं लिहिलं तर चुकीचं करतं आणि वर अगदी ठामपणे उत्तर देतं. पायथॉन ही असे प्रोग्राम लिहिण्याची एक सोपी भाषा. आमच्याकडे ती आली तेव्हा बायकांच्या बॅचसाठी मी एक सराव तयार केला. आमची दुपारची बॅच म्हणजे बहुतेक कोकणातली घरं, सासरे नाहीतर वडील पूर्वी कापडगिरणीत होते अशी. त्यांना डॉलर आणि पिझ्झाची उदाहरणं कशाला? मी मोदक घेतले. उकडीचे, तळणीचे आणि माव्याचे. प्रत्येकाचा दर वेगळा. एकवीस किंवा त्याहून जास्त नग घेतले तर दहा टक्के सूट. गिऱ्हाईक प्रकार सांगेल, नग सांगेल, प्रोग्रामने एकूण किंमत सांगायची.

हा सराव माझा लाडका होता. त्याचं उत्तर मी एकेचाळीस ओळींत लिहून, झेरॉक्स काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. उकडीच्या मोदकांसाठी वेगळ्या ओळी, तळणीच्यांसाठी वेगळ्या, माव्याच्यांसाठी वेगळ्या. सूट द्यायची की नाही हे तिन्ही ठिकाणी पुन्हा तपासलेलं. लांबलचक होतं, पण बरोबर होतं. बारा वर्षांत त्यातून एकदाही चुकीचं उत्तर आलं नाही.

आणि माझी एक शिस्त होती. प्रोग्राम झाला की मी कुणालाही मनाला येईल तो आकडा घालू देत नसे. “काठावर जा,” म्हणायची. सूट एकवीसला सुरू होते ना, मग वीस घालून बघा, एकवीस घालून बघा, बावीस घालून बघा. प्रोग्राम मधे कुठे चुकत नाही, काठावर चुकतो. हे मी इतक्या वेळा बोलले असेन की जुन्या विद्यार्थिनी मला मार्केटमध्ये भेटल्या तरी हसून विचारायच्या, “काय मॅडम, काठावर का?”

मग श्रुती आली. मुलुंडची. इंजिनिअर झालेली, अंधेरीच्या कुठल्या कंपनीत दोन वर्षं काढून कंटाळलेली, म्हणून शिकवायला आलेली. मालक दिनेशभाईंनी तिला सकाळची बॅच दिली. माझी काही तक्रार नव्हती. पण महिन्याभरात माझ्या दुपारच्या बायका अर्धा तास आधी येऊन तिच्या वर्गाच्या दारात उभ्या राहू लागल्या. मला चोवीस वर्षं सगळ्यांनी ‘मॅडम’ म्हटलं, आणि हिला त्या तिसऱ्या दिवसापासून “अगं श्रुती, हे बघ ना” म्हणायला लागल्या. मला आधी वाटलं की हा तिचा अपमान आहे. तो अपमान नव्हता हे कळायला फार वेळ लागला नाही, आणि कळलं तेव्हा मला जे वाटलं ते चांगलं नव्हतं.

त्यातच दिनेशभाईंनी एका दुपारी आम्हा दोघींना बसवून सांगितलं, “मॅडम, आता फोनला विचारला की तोच कोड लिहून देतो. ॲडमिशन कमी झाला. दिवाळीनंतर बॅच एकच ठेवायची, टीचर पण एकच. कोण, ते मी गणपतीनंतर सांगतो.” श्रुतीने मान हलवली. मीही हलवली. बाहेर पडताना तिने मला विचारलं, “मॅडम, चहा घेणार?” मी म्हटलं, “आत्ताच झाला.” झाला नव्हता.

श्रावण लागायच्या सुमाराला दिनेशभाईंनीच टूम काढली की श्रुतीने एकदा दुपारच्या बॅचला शिकवावं आणि मी मागे बसावं. विषय तिने निवडला, माझा मोदकांचा सराव. “मॅडमनी इतका मस्त सराव बनवलाय,” ती बायकांना म्हणाली, “आज आपण तो फक्त सोपा करू.” माझी एकेचाळीस ओळींची झेरॉक्स तिने सगळ्यांना वाटली. मी शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले.

तिने काय केलं ते सांगते, कारण चांगलं काम कुणीही केलं तरी ते चांगलं असतं. तिने विचारलं, “यात तेच तेच कुठे आलंय?” बायकांनी पेन्सिलीने खुणा केल्या. तिन्ही मोदकांसाठी तेच गणित तीनदा होतं, फरक फक्त दराचा. ती म्हणाली, “मग दरांचा एक तक्ता करू आणि गणित एकदाच लिहू.” झालं. एवढंच. बारा वर्षं मला ते का सुचलं नाही, देव जाणे. मग ती म्हणाली, “आणि ही पी वन, क्यू वन अशी इंग्रजी नावं कशाला? पायथॉनला मराठी नावं चालतात.” तिने फळ्यावर लिहिलं:

दर = {"उकडीचे": 30, "तळणीचे": 20, "माव्याचे": 25}
प्रकार = input("कोणते मोदक? ")
नग = int(input("किती? "))
एकूण = दर[प्रकार] * नग
if नग > 21:
    एकूण = एकूण * 0.9
print("एकूण", एकूण)

आपली अक्षरं फळ्यावर बघून बायकांना जो आनंद झाला, तो मी चोवीस वर्षांत कधी पाहिला नव्हता. सावंतबाई तर उभ्याच राहिल्या. भांडुपच्याच, पन्नाशीच्या, मेसमध्ये स्वयंपाक करायच्या आणि गल्ल्यावर बसून तोंडी हिशेबही. मेस बंद झाली तेव्हा त्यांनी ठरवलं की आता दुसऱ्याच्या हाताखाली नाही, यंदा गणपतीला स्वतःच्या नावाने मोदकांच्या ऑर्डरी घ्यायच्या. पत्रकंही छापून वाटली होती: ‘एकवीस नगांपासून पुढे दहा टक्के सूट’. “अगं श्रुती,” त्या म्हणाल्या, “ह्यां तर माका वाचूक येता!” श्रुती म्हणाली, “मग काकू, हे तुमचेच दर आहेत असं समजा आणि फोनवरच्या पायथॉनच्या ॲपमध्ये उतरवून घ्या. ऑर्डर आली की प्रकार आणि नग टाकायचे, बस.”

मी फळ्याकडे बघत होते. पाचवी ओळ. ‘नग एकवीसपेक्षा जास्त असतील तर.’ जास्त. म्हणजे बावीसपासून सूट. एकवीसला नाही.

मला ते दोन सेकंदांत दिसलं. चोवीस वर्षांची सवय आहे, डोळा आपोआप काठावर जातो. तोंड उघडलंही होतं. आणि मग श्रुतीने त्याच ओळी मशीनवर घालून विचारलं, “चला, आकडे सांगा, बघू या चालतं का.” बायका ओरडल्या, पाच, पन्नास, शंभर. घरी दरवर्षी एकवीसच मोदकांचा नैवेद्य करणाऱ्या बायका, पण वर्गात परीक्षा घ्यायची म्हटल्यावर पाच, पन्नास आणि शंभर. तिन्ही उत्तरं बरोबर आली. टाळ्या पडल्या. दारात उभे असलेले दिनेशभाईसुद्धा टाळ्या वाजवत होते.

मी तोंड मिटलं. मनात आलं ते जसंच्या तसं सांगते: होऊ दे. कधीतरी कुणीतरी एकवीस टाकेल, सगळ्यांसमोर उत्तर चुकेल, आणि मग कळेल एकेचाळीस ओळी कशासाठी होत्या.

दुसऱ्या दिवशी सांगू, असं मी घरी ठरवलं. दुसऱ्या दिवशी श्रुती नवा ड्रेस घालून आली होती आणि बायका तिच्याभोवती होत्या, म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवशी दिनेशभाई तिला “तुमचा क्लास एकदम झकास” म्हणाले, म्हणून राहिलं. असं रोज काहीतरी निघत गेलं. तोपर्यंत सावंतबाई त्या सात ओळींवर ऑर्डरी घेऊ लागल्या होत्या हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

गणपतीला आठ दिवस राहिले असताना सावंतबाई क्लासमध्ये आल्या. दुपारची वेळ, बॅच सुटली होती. मी आणि श्रुती दोघी होतो. सावंतबाई नेहमीसारख्या बोलत बोलत आल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

“मॅडम, एक विचारायचं होतं. लोक फोन करतात, भाव विचारतात आणि ‘बघतो’ म्हणून ठेवतात. मग परत फोनच नाही. चौदा जणांनी विचारलं, नऊ जण गेले. काल बाजूच्या सोसायटीतली बाई मला तोंडावर म्हणाली, सावंतबाई, पत्रकात एक आणि बोलण्यात दुसरंच. माझी वाट लागली हो सगळी. मी कुणाला कधी फसवलंय?”

श्रुतीने त्यांचा फोन घेतला. “कुणी किती मागितले होते काकू?”

“आता गणपतीला किती मागणार? एकवीस. गेले त्या सगळ्यांनी एकवीसच.”

श्रुतीने उकडीचे, एकवीस असं टाकलं. उत्तर आलं सहाशे तीस. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. सूट धरली तर पाचशे सदुसष्ट यायला हवे होते.

“पण काकू, तुम्ही तर तोंडी हिशेब करता. तुम्हाला शंका नाही आली?”

“आली ना. मी तोंडी केले तर पाचशे सदुसष्ट यायचे. फोनवर सहाशे तीस. म्हटलं, मी शिकून आले ना, मग मशीन कसं चुकेल? माका वाटला, माझाच काय तरी चुकता.”

हे वाक्य माझ्या अजून कानात आहे. इतकी वर्षं गल्ल्यावर, बाजारात, मेसमध्ये कधी न चुकलेली बाई, आमच्या क्लासला आली आणि स्वतःच्या गणितावर अविश्वास ठेवायला शिकली.

श्रुतीने एक क्षणही घेतला नाही. “काकू, तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे. मी ‘एकवीसपेक्षा जास्त’ लिहिलं, ‘एकवीस किंवा जास्त’ लिहायला हवं होतं. सॉरी. खूप सॉरी.” किती सहज म्हणाली. मला चूक मान्य करायची झाली की आधी पंधरा मिनिटं पार्श्वभूमी लागते. त्या क्षणीसुद्धा मला तिच्या त्या सहजपणाचा हेवा वाटला, ही माझी तऱ्हा.

मग ती माझ्याकडे वळली. तिच्या मनात काही नव्हतं. “बघा ना मॅडम, तुम्ही मागे बसला होतात, तुमच्यासुद्धा लक्षात आलं नाही.”

वाट मोकळी होती. नुसतं ‘हो ना’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सावंतबाईंनी चहा मागवला असता आणि विषय संपला असता.

“आलं होतं,” मी म्हणाले.



“म्हणजे?” श्रुती म्हणाली.

“त्याच दिवशी दिसलं होतं. मी बोलले नाही. मला तुझा हेवा वाटत होता.”

बोलल्या सावंतबाई. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात. “मॅडम, हेवा तुमचा आणि तिचा. त्यात माझे मोदक कशाला मधे घेतलेत?”

 

श्रुतीने माझी झेरॉक्स काढली आणि बोट ठेवून विचारलं, “मॅडम, तुम्ही इथे ‘वीसपेक्षा जास्त’ लिहिलंय. नियम एकवीसचा आहे, मग वीस का? मी ते सोपं करायला गेले, वीसचे एकवीस केले आणि चिन्ह तेच राहिलं.”

तिला कारण सांगितलं. ‘किंवा जास्त’साठी दोन चिन्हं जोडून लिहावी लागतात, आधी मोठं-चं चिन्ह, मग बरोबर-चं. नवीन मुलं ती हटकून उलटी लिहायची, मशीन लाल अक्षरांत ओरडायचं आणि माझी दहा मिनिटं त्यात जायची. म्हणून मी ती भानगडच काढून टाकली. वीसपेक्षा जास्त म्हणजे एकवीस, उत्तर तेच. पण माझ्या कागदावर नियम एक आणि लिहिलेला आकडा दुसरा, आणि का, ते कुठेच लिहिलेलं नाही. स्वतःची दहा मिनिटं वाचवायला मी तो खड्डा खणून ठेवला होता, आणि ती मुलगी त्यात पडताना मी बाकावर बसून बघत होते.

श्रुतीने सावंतबाईंच्या फोनवर चिन्ह दुरुस्त केलं. मग मी त्यांच्याकडून नऊ जणांचे नंबर घेतले आणि तिथेच बसून एकेकाला फोन लावला. “मी क्लासमधली राणे मॅडम बोलतेय. सावंतबाईंनी तुम्हाला जो भाव सांगितला तो आमच्या चुकीमुळे. त्यांचं पत्रक खरं आहे.” एका गृहस्थाने विचारलं, “कॉम्प्युटर क्लास मोदक विकतो काय?” एक बाई म्हणाली, “आधी सांगायचं नाही का?” मी म्हटलं, “हो, आधीच सांगायला हवं होतं.” सहा जण परत आले. तिघांनी दुसरीकडे ऑर्डर दिली होती, आणि त्यांतली एक सावंतबाईंची शेजारीण होती. ती अजून त्यांच्याकडून घेत नाही.

दिनेशभाईंना मीच सांगितलं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. “म्हणजे तिची मिस्टेक तुम्ही बघितली? दोन सेकंदांत? वा मॅडम. एक्स्पीरियन्स आहे तो. मग बॅच तुम्हीच ठेवा ना.” जी गोष्ट मला हवी होती ती समोर आली, आणि आली ती नेमकी मी गप्प बसल्याबद्दल. मी लगेच नाही म्हटलं असं सांगायला मला आवडलं असतं. मी म्हटलं, उद्या सांगते. पूर्ण दिवस विचार केला. सावंतबाईंचा तो साधा आवाज आठवत राहिला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, “बॅच श्रुतीला द्या. मी दिवाळीपर्यंत आहे.”

ते दोन महिने श्रुती माझ्याशी नीट वागली, पण चहाला विचारेना. मीही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी सामान आवरताना नव्या बॅचसाठी काढलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा दिसला. मोदकांचा सराव. तिच्याच ओळी, चिन्ह सुधारलेलं. मी सवयीने मोजल्या. आठ भरल्या. पुन्हा मोजल्या. सगळ्यांत वर एक ओळ वाढली होती, हॅश हे चिन्ह घालून लिहिलेली. या चिन्हापुढचं मशीन वाचतच नाही, सोडून पुढे जातं. ती ओळ फक्त माणसांसाठी असते.

# काठ तपासा: वीस, एकवीस, बावीस. राणे मॅडमची पद्धत.

मी काय केलं होतं हे क्लासमध्ये श्रुतीने कुणालाच सांगितलं नव्हतं. उलट ज्या शिस्तीशी मी बेइमानी केली, ती तिने माझ्या नावावर लावून ठेवली होती, दरवर्षी नव्या बायकांनी वाचावी म्हणून. सात ओळींचा हेवा मी केव्हाच सोडला आहे. ती आठवी ओळ मला कधी लिहिता आली नसती.